टाचेखालचं कॉर्क आणि जर्मनीतला खासगी आरोग्य विमा: 11 महिन्यांनंतर

नाशिकचे आमचे शिंपीकाका माझ्या सलवारीचा डावा पाय नेहमी जरा जास्त दुमडायचे. का, ते आम्ही कधी विचारलंच नाही. उत्तर मिळालं स्टुटगार्टला, कंबर वर्षभर दुखल्यावर. डॉक्टरांनी उभं करून डाव्या पायाखाली एकेक पातळ फळी सरकवली आणि कंबरेची हाडं समपातळीत आल्यावर सांगितलं, हा पाय 9 मिलिमीटर तोकडा आहे.

मार्च 2025 पासून डाव्या बुटात कॉर्कची 6 मिलिमीटर उंची आहे. पूर्ण फरक एकदम भरायचा नाही, शरीराला सवय होऊ द्यायची, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. पहिले तीन आठवडे पोटरी दुखली आणि टाच बुटातून निसटायची. लेस घट्ट बांधता येणारे बूट घेतल्यावर ते थांबलं. खरी अडचण घरात आली. आपण बूट दाराशी काढतो आणि उरलेला दिवस अनवाणी वावरतो, म्हणजे घरात उपचार बंद! शेवटी घरातल्या सपातांपैकी डावीच्या तळाला कारागिराकडून थर चिकटवून घेतला. त्यानंतरच कंबर शांत झाली. ओट्याशी तासभर उभं राहता येतं, याचा आनंद मला अजून रोज होतो.

आता विम्याचं. मी नोकरी बदलली आणि पगार 2025 च्या 73,800 युरोंच्या वार्षिक मर्यादेच्या वर गेला, त्यामुळे खासगी विम्याचा पर्याय खुला झाला. मला वाटलं होतं, कॉर्कच्या तुकड्याचं कोण काय विचारणार? आणि खरंच, कॉर्कबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. सगळे प्रश्न आले ते त्यामागच्या निदानांवर.

अर्जात मागच्या 3 वर्षांतले बाह्यरुग्ण उपचार विचारले होते. भरण्याआधी मी सरकारी विमा कंपनीकडून आणि डॉक्टरांकडून माझ्या नोंदी मागवल्या, आणि बरं झालं मागवल्या. नोंदीत प्रत्येक निदानाला एक कोड असतो; पायांच्या लांबीतल्या फरकाचा एम 21.7 आणि कंबरदुखीचा एम 54.5 अपेक्षित होते. पण पाठीचा कणा वाकडा असल्याचं निदानही होतं, तेही संशयाचं ‘व्ही’ नव्हे, पक्क्या निदानाचं ‘जी’ अक्षर लावून. मला ते कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना भेटून विचारलं, तर बाक फक्त तोकड्या पायामुळे दिसतो, उंची दिली की कणा सरळ होतो, असं त्यांनी लेखी दिलं. ते एक पान माझ्या दृष्टीने अख्ख्या अर्जापेक्षा मोलाचं ठरलं.

सल्लागाराने नाव न देता तीन कंपन्यांकडे आधी विचारणा केली. एकीने नकार दिला. दुसरीने कण्याचे सगळे आजार वगळून करार देऊ केला. तो मी घेतला नाही, कारण उद्या मणक्याचं ऑपरेशन लागलं तर खर्च माझ्याच डोक्यावर. तिसरीने हप्त्यावर जोखमीची वाढ लावली, पण काही वगळलं नाही. तीच निवडली.

ओळखीतल्या दोघांनी ‘लिहू नकोस, कोण बघतंय’ असं सांगितलं होतं. कृपया हे ऐकू नका. लेखी विचारलं असेल तेवढंच सांगायचं बंधन आहे, पण ते पूर्ण सांगायचं. इथल्या विमा करार कायद्यात आरोग्य विम्यासाठी माहिती दडवल्यावरची कारवाई साधारण 3 वर्षांपर्यंत होऊ शकते, जाणूनबुजून दडवली असेल तर 10 वर्षांपर्यंत. आणि नेमकं मोठं बिल आलं की जुन्या नोंदी उघडल्या जातात.

सहीआधी साहाय्यक साधनांची (बुटातल्या उंचीसारख्या वस्तूंची) यादीही वाचा. काही योजनांत ती बंदिस्त असते, यादीत नाही ते मिळत नाही. माझ्या योजनेत ती खुली आहे. बुटांच्या दुसऱ्या जोडीवरच्या कामाचे पैसे अडथळा न येता परत मिळाले.

वाढीव हप्ता मात्र कायमचा असलाच पाहिजे असं नाही. जोखमीचं कारण उरलं नाही, तर त्याच कायद्याच्या कलम 41 खाली तो कमी करायला सांगता येतो. कंबर दुखेनाशी झाल्याची तारीख मी डॉक्टरांकडून नोंदीत लिहून घेतली आहे.