पावसाळ्यात दाखवलेली वस्ती, सप्टेंबरअखेर आलेला मालकाचा माणूस

नोकरीसाठी गोव्यात यायचं ठरलं असेल आणि जून-जुलैत घर शोधणार असाल, तर हे वाचून मगच कुणाच्या खात्यात पैसे पाठवा. बार्देश तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावांमध्ये एका ठरावीक पद्धतीने भाडेकरूंना फसवलं जातं. आमचे ऐंशी हजार रुपये त्यात गेले आणि तिसरीतल्या मुलीची शाळा ऐन सहामाहीच्या तोंडावर बदलावी लागली. पैशांपेक्षा त्या दुसऱ्या गोष्टीचा राग मला जास्त आहे.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. नवऱ्याला पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं. तोवर गोवा म्हणजे मंगेशी, शांतादुर्गा आणि मिरामार करून परत फिरायचं ठिकाण. राहायला यायचं म्हटलं की पहिली अडचण अशी की इथलं शहर एका जागी नाही. पणजी लहान आणि महाग, मांडवी ओलांडली की पर्वरी, पुढे म्हापसा, आणि यांच्या अवतीभवती साळगाव, सांगोल्डा, नेरूल, वेरें अशी गावं. कागदावर ही सगळी पंचायतींची गावं, पण नोकरदार माणसं शहरात राहिल्यासारखीच तिथे राहतात. अंतर नकाशावर मोजता येतं. कुठला वाडा (इथे वाडा म्हणजे गावातली वस्ती) बारमाही घरांचा आणि कुठला हंगामी भाड्याचा, हे नवख्याला बघून कळत नाही, आणि मध्यस्थाचं सगळं दुकान त्यावरच चालतं.

घर दाखवणारा माणूस मराठी होता, कुडाळकडचा म्हणाला. कोल्हापूर म्हटल्यावर त्याची मामी राधानगरीची निघाली. 'वहिनी, कांदोळी-कळंगुटच्या फंदात पडू नका, तिथे टुरिस्टांचा धिंगाणा. नेरूलला बघा. सगळी घरंदाज वस्ती, रात्री आठनंतर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही.' जुलैच्या संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा खरोखरच माणूस दिसला नाही. माडांची बाग, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे बाल्कांव म्हणजे बसायचा ओटा, आजूबाजूची बरीचशी घरं बंद. मालक परदेशात असतात म्हणून बंद, असं त्यानं सांगितलं. हेही अर्धं खरं होतं. गोव्यातली कितीतरी घरं अशी आहेत ज्यांची माणसं आखातात, पोर्तुगालला नाहीतर इंग्लंडमध्ये आहेत.

भाडं महिना वीस हजार, डिपॉझिट साठ, दलाली एक महिन्याची. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. अकराच का, तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, म्हणून देशभर अकराचा रिवाज पडला आहे. त्यात काही वावगं नव्हतं. आम्ही कागद मागितले आणि त्यानं ते लगेच दिलेही: मालकाच्या नावाचं लाईट बिल, पंचायतीची घरपट्टीची पावती, मालकाच्या ओळखपत्राची प्रत आणि मुखत्यारपत्राची झेरॉक्स. ॲग्रीमेंट स्टँप पेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेलं. सही मालकाच्या वतीने त्याची.

यातला जवळजवळ प्रत्येक कागद खरा होता, हे नीट लक्षात घ्या. 'कागद तपासा' एवढाच सल्ला सगळे देतात, आणि या फसवणुकीत तो सल्ला अपुरा पडतो.

आता ती चालते कशी ते सांगते. ऑक्टोबर ते मार्च हा इथला सीझन, आणि नाताळ ते नववर्ष हा त्याचा कळस. त्या दिवसांत किनाऱ्याजवळचं घर रोजाच्या दराने पर्यटकांना जातं. पाऊस लागायच्या आत किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात, गर्दी ओसरते, आणि घरमालकाला प्रश्न पडतो की चार महिने घर बंद ठेवून भिंतींना बुरशी आणायची का. म्हणून तो ते जून ते सप्टेंबर स्वस्तात देतो. यात मालकाचा काही दोष नाही, आणि चार महिन्यांसाठीच येणाऱ्याला हा सौदा चांगलाही असतो. मध्यस्थ नेमकी हीच घरं स्वतःच्या नावावर चार महिन्यांसाठी उचलतो. त्यासाठी मालकानं दिलेल्या कागदांच्या प्रती त्याच्याकडे असतातच. मग तेच घर तो बारमाही राहायला आलेल्या कुटुंबाला अकरा महिन्यांच्या करारावर देतो. आमच्या घराचं त्याचं भाडं होतं बारा हजार. म्हणजे दरमहा आठ हजार वर, दलाली वेगळी, आणि डिपॉझिट तर पूर्ण त्याच्याच खिशात. अशी चार-पाच घरं एका पावसाळ्यात फिरवली तर किती होतात, हिशेब करा.

सप्टेंबरच्या शेवटी मालकाचा मेव्हणा गेटपाशी आला. सोबत रंगारी होते. आम्ही अजून आत कसे, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. आमचं ॲग्रीमेंट त्यानं दोनदा वाचलं, मग स्वतःचं आणून दाखवलं: जून ते सप्टेंबर, मध्यस्थाच्या सहीचं. मुखत्यारपत्र मालकानं कधी दिलंच नव्हतं. खोटा कागद तेवढा एकच. 'तुमची चूक ना, पूण घर आमकां जाय,' तो म्हणाला, म्हणजे चूक तुमची नाही, पण घर आम्हाला हवं. बुकिंग आधीच घेतलेली होती. माणूस भला होता, दिवाळीपर्यंत राहू दिलं आणि त्या दिवसांचं भाडं जुन्याच दराने घेतलं. मध्यस्थाचा फोन त्या दुपारी लागला, 'बघतो वहिनी' म्हणाला, आणि त्यानंतर कधीच लागला नाही.

शेजारी एक म्हाताऱ्या आंटी राहायच्या. जाताना त्यांनी हात धरून सांगितलं, 'दर पावसांत हांगा नवीं माणसां येतात, दिवाळे पयलीं वतात.' म्हणजे दर पावसाळ्यात इथे नवी माणसं येतात आणि दिवाळीआधी जातात. त्यांना सगळं दिसत होतं. त्यांना विचारायला कुणी आलं नव्हतं, कारण मध्यस्थ घर दाखवताना शेजाऱ्यांशी बोलायला सवडच ठेवत नाही. एकापाठोपाठ एक घरं, पाऊस, गाडीत बसा, टोकन आज नाही दिलं तर उद्या दुसरी पार्टी येते आहे. ही घाई ठरवून केलेली असते.

आणि ती 'घरंदाज वस्ती'. ऑक्टोबरात बंद घरांची कुलपं निघाली, तेव्हा त्यातली निम्मी तरी पर्यटकांचे व्हिला निघाली. परराज्यातल्या गाड्या गल्लीत आडव्या, रात्री उशिरापर्यंत स्पीकर. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला 2000 च्या नियमांनुसार बंदी आहे, पण आठवडाभर राहून जाणाऱ्याला ते कोण सांगणार? मालकानं आम्हाला राहू दिलं असतं तरी लहान मूल घेऊन तिथे वर्षभर काढणं कठीण होतं. मध्यस्थानं घराबद्दल खोटं सांगितलं, तसं वस्तीबद्दलही सांगितलं. म्हणून गोव्यातली वस्ती पावसाळ्यात बघून ठरवू नका. बघावीच लागली, तर त्या बंद घरांची नावं हॉटेल बुकिंगच्या ॲपवर शोधा. डिसेंबरचे दर टाकून त्या गावाचा नकाशा उघडला की कुठली घरं भाड्याच्या धंद्यात आहेत ते दिसतं. आम्ही हे नंतर केलं. आमचं घर फोटोंसकट तिथे होतं.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा उत्तर मिळालं की हा भाड्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. हे उत्तर बहुतेकांना मिळतं आणि बहुतेक जण तिथूनच परततात. आम्ही एका वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितलं की डिपॉझिट परत न देणं हा एक प्रकार, आणि नसलेला अधिकार आहे असं भासवून, बनावट मुखत्यारपत्र दाखवून पैसे घेणं हा निराळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक येते. लेखी तक्रारीत 'डिपॉझिट मिळत नाही' असं न लिहिता कुठल्या तारखेला कुठला कागद दाखवून काय सांगितलं आणि त्यावर विसंबून किती पैसे कुठल्या खात्यात गेले, असं क्रमाने लिहिलं. मालकाच्या मेव्हण्यानं त्याच्या ॲग्रीमेंटची प्रत जोडायला दिली. मग तक्रार घेतली. तपास चालू आहे, पैसे आलेले नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट अशी होती की तिच्यामुळे हा डाव पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, आणि ती जबाबदारी घरमालकाची. त्या फॉर्मवर मालकाचा तपशील आणि सही लागते. आमच्या मध्यस्थानं हा फॉर्म 'मी ऑनलाईन करून टाकतो' म्हणत शेवटपर्यंत केला नाही, कारण तो मालकापर्यंत गेला असता. तेव्हा हा फॉर्म मालकाच्या सहीने ठाण्यात दिल्याची पोच हातात पडल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका. मालक परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलवर त्याला घराचं लाईट बिल दाखवायला सांगा आणि सरळ विचारा: ऑक्टोबरनंतर हे घर तुम्ही कुणाला देणार आहात? मुखत्यारपत्र असेल तर मूळ प्रत बघा. परदेशात केलेलं असेल तर त्यावर बहुधा तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन असतं. नोटरीच्या शिक्क्यावर विसंबू नका. सही कुणाची ते नोटरी बघतो, घर कुणाचं हे बघणं त्याचं काम नव्हे. डिपॉझिट मालकाच्या नावाच्या बँक खात्यातच भरा. नमुना 1 व 14 चा उतारा, म्हणजे इथला सातबारा, भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतो, पण गोव्यात त्यावर आजोबा-पणजोबांची आणि वाटेकऱ्यांची नावं तशीच राहिलेली असतात, त्यामुळे भाडेकरूला घरपट्टी आणि लाईट बिल यांचाच उपयोग जास्त.

घर न दाखवता टोकन मागणारे तर वेगळेच. 'मी सैन्यात आहे, बदली झाली, सोसायटीच्या गेटपाससाठी पाच हजार पाठवा' असा फोन आला तर तो नक्की फसवणुकीचा. नवऱ्याच्या एका सहकाऱ्यानं पैसे पाठवले आणि लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन केला, म्हणून त्याची रक्कम गोठवता आली. या नंबरला वेळेचं महत्त्व फार आहे. आमच्यासारखा तीन महिन्यांनी केलेल्या फोनचा काही उपयोग होत नाही.

आता आम्ही म्हापशात खोर्लीला राहतो. पिळर्ण थोडं लांब पडतं, पण शाळेची बस, इथे तिला बालरथ म्हणतात, गल्लीच्या तोंडाशी येते आणि शुक्रवारचा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इथे घर ठरवताना आम्ही मध्यस्थाला बाजूला ठेवून आधी वाण्याच्या दुकानात, मग सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला आणि शेजारच्या दोन घरांत विचारलं. पोदेर रोज दारोदार जातो. कुठलं घर वर्षभर पाव घेतं आणि कुठलं सीझनपुरतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पाण्याचंही विचारा, आणि जुलैत उभे असलात तरी एप्रिल-मेचं विचारा. बार्देशला पाणी मुख्यतः अस्नोड्याच्या प्रकल्पातून येतं, त्याची भिस्त तिळारी धरणाच्या कालव्यातल्या पाण्यावर. कालवा फुटला किंवा दुरुस्तीला बंद झाला की पर्वरीसारख्या चांगल्या भागातही टँकर सुरू होतात. टँकरचे पैसे कोण देणार, हे ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

नेरूल, कांदोळी, साळगाव भागात जून ते सप्टेंबरच्या घरावर अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करून कुणाचं डिपॉझिट बुडालं असेल, तर रक्कम लहान म्हणून सोडू नका. स्वतंत्र लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि मालकाचं मूळ ॲग्रीमेंट मिळालं तर त्याची प्रत जोडा. एका माणसाविरुद्ध एकच तक्रार असली की ती भाड्याचा वाद म्हणून बाजूला पडते. त्याच खात्यात, त्याच पद्धतीने पैसे गेल्याच्या तीन-चार तक्रारी एकत्र आल्या, तर त्याचा हेतू सुरुवातीपासून काय होता हे दाखवणं सोपं जाईल, असं आमचे वकील म्हणतात.