घोड्यावरून तिरंदाजी: कोरियन गेर्यांगगुंग घ्यावे का?

गेर्यांगगुंग म्हणजे जुन्या कोरियन शिंगधनुष्याचा आजचा अवतार. बांधा तोच, आखूड आणि टोकांशी पुढे वळलेला. फक्त म्हशीचे शिंग, बांबू आणि स्नायूंच्या जागी फायबरग्लास किंवा कार्बनचे थर. घोड्यावरून बाण सोडायला शिकणाऱ्याने डोळे झाकून हेच घ्यावे. मात्र ताण, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढायला लागणारा पाउंडांतला जोर, निवडताना डोळे उघडे हवेत.

बहुतेक जण 45 पाउंडांचे उचलतात आणि तिथेच फसतात. कोरियात जमिनीवरून नेमबाजी 145 मीटरवर होते, तिथे तेवढा ताण लागतो. घोड्यावर निशाण धावपट्टीच्या बाजूला, काही मीटरवर असते. भरधाव घोड्यावर जड धनुष्य पूर्ण ओढलेच जात नाही. खांदा वर चढतो, ओढ दर वेळी कमी-जास्त होते आणि बाण खाली जातो. 28 ते 35 पाउंड भरपूर झाले.

आखूडपणाचा फायदा खोगिरात बसल्यावर कळतो. धनुष्य घोड्याच्या मानेवरून उजवीकडे-डावीकडे नेताना खालचे टोक मांडीला अडत नाही. गोगुर्यॉ या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातल्या मुयोंगचोंग थडग्याच्या भित्तिचित्रात मागे वळून हरणावर बाण रोखणारा स्वार दिसतो. ते वळण लांब धनुष्याने जमणे कठीण. पुढे जोसॉन राजघराण्याच्या काळातले स्वार तर याहून लहान धनुष्य ठेवत, तोंगगे नावाच्या चामडी म्यानात बाणांसकट मावणारे.

दोर चढवताना घाई नको. खालचे टोक डाव्या घोट्यावर, मूठ उजव्या मांडीच्या मागे, मग वरचे पाते, म्हणजे मुठीवरचा लवचीक भाग, पुढे दाबत दोराचा फास खाचेत. आता धनुष्य डोळ्यांसमोर उभे धरून पाहा: दोर दोन्ही टोकांजवळच्या चामडी गाद्यांच्या बरोबर मध्ये बसला पाहिजे. केसभर सरकला असेल तर पाते हाताने उलट बाजूला हलके दाबा आणि पुन्हा पाहा. तरीही सरकत असेल तर एकही बाण न सोडता धनुष्य परत करा. पिळलेल्या पात्यावरून दोर निसटला की धनुष्य क्षणात उलटे फिरते, पाते तुटते आणि घोडा बिथरतो. बाण न लावता दोर ओढून सोडणे हेही पाते मोडण्याचा हमखास मार्ग आहे.

ओढ अंगठ्याची, म्हणून काक्जी, म्हणजे अंगठ्यातली कडी, बरोबरच घ्या. ती सांध्यावरून जराशी घट्ट जायला हवी. सैल असेल तर सुटताना दोराबरोबर उडते. अंगठ्याच्या ओढीत बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे न बघता बाहेरून सरळ दोरावर लावता येतो. घोडेस्वाराला याचेच मोल. बाण कोरियन मापात सांगितले जातात: 1 जा म्हणजे 30.3 सेंमी, त्याचे 10 छी. 2 जा 6 छी म्हणजे साधारण 79 सेंमी. आधी आपली पूर्ण ओढ मोजा. आखूड बाण मुठीच्या आत आला तर हाताला भोक पडेल.

घोड्यावरची तिरंदाजी कोरियाच्या 24 युद्धकलांपैकी एक, हा गैरसमज दूर करायला हवा. जोसॉन राजा जॉंगजोच्या आज्ञेने 1790 मध्ये तयार झालेल्या ‘मुयेदोबोतोंगजी’ या ग्रंथात 24 युद्धकला आहेत, त्यांपैकी 6 घोड्यावरच्या: भाला, जोड तलवारी, चंद्रकोरी पात्याचे लांब शस्त्र, साखळीचा सोटा, चेंडूफळीचा खेळ आणि घोड्यावरच्या कसरती. त्यात धनुर्विद्या नाही. घोड्यावरची तिरंदाजी लष्करी परीक्षेत वेगळी होती. तेव्हा ‘24 कलांचे धनुष्य’ म्हणून कोणी जास्त दाम सांगितले तर देऊ नका.

अस्सल शिंगधनुष्य माशाच्या सरसाने जोडलेले असते, दमटपणात ते ढिले पडते, म्हणून कोरियात ते उबदार कपाटात ठेवतात. कोकणातल्या पावसाळ्यात ते सांभाळणे जिकिरीचे. फायबरला ओल बाधत नाही, पण बंद गाडीत उन्हात ठेवलेत तर थर सुटतात.

धावपट्टीची जमीन आधी तपासा. 1592 मध्ये छुंगजूजवळ थांगुमदे इथे जपानी सैन्याशी लढताना कोरियन सेनापती शिन रिप यांचे घोडदळ चिखलाच्या शेतात आणि नदीकाठी अडकले. रुतणाऱ्या घोड्यावरून नेम लागत नाही, लंगडण्याचा धोका वेगळाच. आणि सराव दौडीत करा, दुडक्या चालीत नको. दौडीत चारही खूर हवेत असतात तो क्षण सोडण्याचा. दुडकीत धक्के थांबतच नाहीत.