आर मध्ये ग्रुप करून डेटा बदलणं, पावसाळाभर वापरल्यावर

जूनपासून आर (आकडेवारीच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा) रोज वापरतोय, काम एकच, मराठवाड्यातल्या महसूल मंडळांचा रोजचा पाऊस. आधी सगळं एक्सेलच्या पिव्होटवर चालायचं, पण पिव्होट बेरीज-सरासरी काढतो अन् रोजच्या ओळी गिळून टाकतो. मला तर त्याच ओळी पाहिजेत, फक्त प्रत्येक ओळीपुढं त्या मंडळाची सरासरी लागते. आर मधल्या डीप्लायर पॅकेजचं ग्रुप_बाय (ओळींचे गट पाडणं) लावून म्यूटेट (नवा कॉलम जोडणं) केलं की नेमकं हेच होतं, ओळी होत्या तितक्याच राहतात. समराइज केलं तर मात्र एका गटाची एकच ओळ. नवीन पोरं या दोन्हीत लई गोंधळतात.

आपल्याकडं हे लागतंच, कारण किनवट अन् आष्टी दोन्ही मराठवाड्यातच पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक. नुसते मिलिमीटर शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही, त्या त्या मंडळाच्या स्वतःच्या सरासरीशी ताडून बघावं लागतं.

खरी मजा पावसाचा खंड मोजताना आली. पीकविम्याचा विषय निघाला की २१ दिवसांचा खंड सगळ्यांच्या तोंडी असतो, तो काढायचा कसा बगा: आधी मंडळानं अन् मग तारखेनं लावून घ्या (ग्रुप_बाय ओळींचा क्रम लावत नाही), मंडळावर ग्रुप करा, ज्या दिवशी २.५ मिमी किंवा जास्त पाऊस त्या दिवशी १ नाहीतर ०, अन् त्याचं क्युमसम (चालती बेरीज). पाऊस झाला की आकडा एकानं वाढतो, कोरड्या दिवसांत तिथंच थांबतो, म्हणजे प्रत्येक खंडाला आपोआप नंबर पडतो. मग मंडळ अन् तो नंबर दोन्हींवर परत ग्रुप करून कोरडे दिवस मोजायचे, झालं. ग्रुप न करता हेच केलं तर एका मंडळाचे शेवटचे कोरडे दिवस पुढच्या मंडळाच्या सुरुवातीला चिकटतात अन् आर काही एरर देत नाही, आकडा दिसतो एकदम खरा. रिकाम्या नोंदींचंही तसंच, एक एनए आला की त्या मंडळाचं तिथून पुढचं सगळं क्युमसम एनए, म्हणून त्यांचं काय करायचं ते आधीच ठरवा.

नावांची डोकेदुखी वेगळीच. जुन्या फाइलमध्ये उस्मानाबाद, २०२३ नंतरच्या फाइलमध्ये धाराशिव, औरंगाबादचंही तेच, आर डोळे झाकून दोन गट करतं. उलट दोन तालुक्यांत एकाच नावाचं मंडळ असेल तर दोघांचा मिळून एक गट, त्यामुळं जिल्हा, तालुका, मंडळ तिन्ही द्याच.

डीप्लायरची मला न आवडलेली गोष्ट म्हणजे ग्रुप मागं चिकटून राहतो, अनग्रुप केलं नाही तर पुढचं म्यूटेटही गटागटानंच चालतं. १.१.० आवृत्तीत, म्हणजे २०२३ ला, म्यूटेटच्या आतच डॉट-बाय (फक्त तेवढ्या कामापुरता ग्रुप) द्यायची सोय आली. तेव्हापासून ही कटकट नाही, मी आता तेच वापरतो.

सगळ्या वर्षांच्या फाइली एकत्र केल्यावर डेटा.टेबल हे दुसरं पॅकेज घेतलं, वेग जबरदस्त. पण त्यातलं कोलन-इक्वल (:=, कॉलम भरायची खूण) मूळ टेबलच बदलतं, जुनं ठेवायचं असेल तर आधी कॉपी करा. पॅकेज टाकायची परवानगी नसलेल्या ऑफिसच्या मशीनवर साध्या आर मधलं एव्हीई नावाचं फंक्शन पुरतं, काही न सांगता सरासरीच देतं. दुसरं काही पाहिजे असेल तर फन इक्वल असं नाव घालूनच लिहा, नाव टाळलं तर ते फंक्शनलाही गटाचा कॉलम समजतं.

अन् विंडोजवाल्यांनो, आर ४.२ च्या आधीचं असेल तर आत्ताच बदला. तिथून पुढं विंडोज १० वर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) आपोआप चालतं, देवनागरीतली मंडळांची नावं नीट दिसतात, सगळी यादी इंग्रजीत टाइप करत बसायची गरज नाही.