जेरुसलेमच्या वेळा, ठाण्याची भिंत: ज्यू कॅलेंडर साडेदहा महिने वापरून

वस्तू: भिंतीवर लावायचं ज्यू कॅलेंडर, वर्ष ५७८५. छपाई इस्रायलची, बारा पानं, जाड गुळगुळीत कागद. किंमत माहीत नाही, भाच्यानं येताना आणलं. २ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळपासून आज ऑगस्ट २०२५ च्या मध्यापर्यंत रोज वापरात. ठिकाण: ठाणे, स्वयंपाकघर, फ्रिजशेजारी, कालनिर्णयच्या बरोबर खाली.

आधी माझ्याविषयी दोन ओळी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबागकडचे. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यामुळे निम्म्या ऑफिसला अजूनही पत्ता नाही. कोकणात आमच्या लोकांना 'शनिवार तेली' म्हणायचे. धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. माझा धंदा टॅक्सचा आणि शनिवारी काम चालू. आई होती तोवर शुक्रवारी संध्याकाळी घरात शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, वाती लागायच्या. २०२१ मध्ये ती गेली आणि ते थांबलं. मी काही ठरवून थांबवलं नाही, पुढचा शुक्रवार आला आणि कोणी लावल्या नाहीत, एवढंच.

तक्रारी आधी सांगते.

प्रत्येक शुक्रवारच्या चौकटीत वाती लावायची वेळ बारीक अक्षरात छापलेली आहे, पण ती जेरुसलेमची. तिथला सूर्य वेगळा आणि रीतही वेगळी. जेरुसलेमात सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी वाती लावतात, इतर बहुतेक ठिकाणी अठरा मिनिटं आधी. डिसेंबरच्या पानावर वेळ चारच्या आसपास. चार वाजता मी कोणाच्या तरी लेजरमध्ये डोकं घालून बसलेली असते, आणि ठाण्याचा सूर्य सहाला मावळतो. मग दर गुरुवारी रात्री वरच्या कालनिर्णयमध्ये सूर्यास्त बघायचा, अठरा वजा करायचे आणि खालच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहायचं, असं सुरू झालं. भाचा म्हणाला, "मावशी, ॲप आहे की!" घेतलं ॲप. दोन आठवडे ते शुक्रवारी अंधार पडून गेल्यावर वाजत राहिलं, कारण जागा जेरुसलेमच पकडून बसलं होतं. काढून टाकलं. पेन्सिल बरी.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. इस्रायलबाहेर बरेच सण एक दिवस जास्त पाळतात आणि या कॅलेंडरात तो जादा दिवस नाही. पूर्वी चंद्र पाहून महिना जाहीर व्हायचा, निरोप लांबच्या गावांना वेळेत पोचायचा नाही, म्हणून बाहेरच्यांनी खबरदारीचा एक दिवस वाढवला. आता निरोप सेकंदात पोचतो, दिवस मात्र राहिला. २४ ऑक्टोबरला कॅलेंडर म्हणालं सिम्हात तोरा, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथाचा आनंदोत्सव, म्हणून मी नटूनथटून मशिदीत हजर, आणि तोरा घेऊन नाचणं दुसऱ्या दिवशी. (मशीद म्हणजे सिनेगॉग. आजीच्या तोंडी हाच शब्द होता, माझ्याही तोंडी तोच बसलाय.) रजा एकाच दिवसाची टाकलेली, तेव्हा नाच हुकला.

तिसरी कॅलेंडरची चूक नव्हे, पण सांगायलाच हवी. सुक्कोथ, म्हणजे खोपीत बसायचा आठवडाभराचा सण, संपताना पावसासाठी प्रार्थना आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात, म्हणून तिकडे ती बरोबर. इथे त्याच आठवड्यात कोकणात भात कापायला आलेलं असतं. हजानसाहेब, म्हणजे प्रार्थना म्हणणारे, सुरात पाऊस मागत होते आणि माझ्या शेजारच्या आजी पुटपुटल्या, "आता नको रे बाबा."

मग वापरलं कशाला? मी आधी सण शोधायला बसले नव्हते. सुरुवातीचे दहा दिवस मला सोडीनात, म्हणून पुढचं घडलं.

रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्याच दिवशी. सोसायटीत घट बसले आणि माझ्या ओट्यावर डाळिंब, सफरचंद, मध आणि नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा. दहाव्या दिवशी योम किप्पूर, तोच दसरा. हा योगायोग वाटतो, पण नाही. दोन्ही पंचांगं चांद्रसौर, दोन्हीत अमावास्येनंतर महिना सुरू होतो आणि एकोणीस वर्षांत साधारण सात अधिक महिने घालून ऋतूंशी मेळ बसवतात. म्हणून बहुतेक वर्षी सुक्कोथ कोजागरीला, पुरीम होळीला आणि पेसाह चैत्री पौर्णिमेला येतो. आमच्या जुन्या लोकांनी तर सणांची नावंच मराठी पाडली होती: नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात उपास करायचा. दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, तेव्हा भेटीगाठी आणि दानधर्म. हे शब्द मला कॅलेंडरानं नाही दिले, आईचे होते. पण तारखेची चौकट समोर आली म्हणून ते आठवले.

तर किप्पूर. नियम असा की देवाचे अपराध त्या दिवशी माफ होतात, माणसाचे होत नाहीत. त्यासाठी त्या माणसाकडेच जाऊन माफी मागावी लागते. ताई इस्रायलमध्ये दिमोनाला असते. आईच्या चांदीच्या किद्दूशच्या (शब्बाथच्या रात्री पेला हातात धरून म्हणायच्या प्रार्थनेच्या) पेल्यावरून आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. पेला माझ्याकडे. कॅलेंडर तिच्याच मुलानं आणलेलं. ८ तारखेपासून त्या चौकटीकडे बघत होते. ऑडिटचा हंगाम होता, कारण हवं तर होतंच. शेवटी शुक्रवारी, ११ ऑक्टोबरला, दुपारी तीनला फोन लावला. तिच्याकडे साडेबारा वाजलेले.

म्हटलं, "ताई, या वर्षात माझ्याकडून काही लागलं असेल तर माफ कर."

मागे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "या वर्षात का? तीन धर."

"धरली."

"माझीही धर. आणि उद्या पाणी प्यायचं असेल तर पी हं, तुझा बीपी आहे."

बस, एवढंच बोलणं. मला हे कधी सुचलं नसतं असं नाही, तीन वर्षांत शंभरदा सुचलं होतं. पण फोन कधी करायचा हे माझ्यावर असलं की तो होत नव्हता. इथे शुक्रवारची संध्याकाळ ही मुदत होती, आणि मुदत म्हटली की माझ्यासारखी टॅक्सवाली बाई कामाला लागते. वर्षभर ज्याला लोक प्रेरणा म्हणतात ते मला या कॅलेंडरातून मिळालं असेल तर ते याच रूपात. मन लागो न लागो, तारीख येते.

सुक्का, म्हणजे सुक्कोथची खोप, मी बाल्कनीत बांधायला निघाले होते. चालत नाही. डोक्यावर स्लॅब नको. छप्पर तोडलेल्या पाल्याचं हवं, त्याची सावली उन्हापेक्षा जास्त पडावी, तरी रात्री चांदण्या दिसाव्यात. म्हणून गच्ची. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, १६ तारखेला वर कोजागरीचं दूध आहे." म्हटलं, कोपरा द्या. चार बांबू, सुतळी आणि माळीदादांनी आणलेल्या नारळाच्या झावळ्या. रात्री मसाला दूध आटत असताना सोसायटीची सात-आठ पोरं त्या खोपीत शिरून बसली ती उठेचनात. हातात धरायच्या चार वनस्पतींमधलं एक फळ एथ्रोग, म्हणजे आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच. हे कळल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ते कपाळाला लावलं. आठवड्यात एकदा सर आली, झावळ्या टपकायला लागल्या. पावसात सुक्क्यात बसायची सक्ती नाही, खाली आले.

हनुक्काचं फार सांगण्यासारखं नाही. आठ दिवस दिवे लावले, छान दिसले. कोकणातल्या आमच्या पूर्वजांना हा सण माहीतच नव्हता म्हणतात, मलाही तो थोडा पाहुण्यासारखा वाटतो.

तू बिश्वात हे शेवात महिन्याचे पंधरा, झाडांचं नवं वर्ष. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात. पंधरा लिहिताना दहा अधिक पाच लिहिलं तर देवाच्या नावाची अक्षरं जुळतात, म्हणून नऊ अधिक सहा लिहितात, आणि त्या दोन अक्षरांचा उच्चार 'तू'. एवढं कळायला मला चाळिशी उलटावी लागली. त्या दिवशी अलिबागजवळ खंडाळ्याला गेले. प्रेषित एलियाहू हन्नाबी तिथल्या कातळावर उतरले होते, अशी आमच्यात श्रद्धा आहे. त्यांच्या नावानं मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. हे मी लहानपणी नुसतं खाल्लं होतं, या वेळी कालवलं. खोबरं कमी पडलं.

पुरीमला १३ मार्चच्या रात्री मशिदीत एस्तेरची कथा वाचताना त्यातल्या खलनायकाचं, हामानचं, नाव आलं की पाय आपटून गोंगाट करायचा. बाहेर होळी पेटलेली आणि पोरं बोंबा मारतायत. हामानसाठी आतले कमी पडत होते, बाहेरच्यांनी भर घातली.

पेसाहच्या आधीची सफाई मात्र घाम काढते. पीठ, रवा, पाव, बिस्किटं, गव्हाचा कण घरात नको. माझ्या ऑफिसच्या पर्सच्या अस्तरात ग्लुकोज बिस्किटाचा चुरा निघाला, किती वर्षांचा देव जाणे. भात आमच्यात चालतो, नाहीतर आठ दिवस कठीण होतं. हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक, वाचायला आजोबांची मराठी भाषांतराची प्रत काढली. मुंबईत १८४६ पासून हग्गादा मराठीत छापली जातेय, तेव्हा आपण काही नवं करत नाही आहोत हे बरं वाटलं. दुसऱ्या रात्रीचा सेदेर (पेसाहचं विधीचं जेवण) कॅलेंडरात नव्हता, पेन्सिलीनं घातला.

आणि त्याच दुसऱ्या रात्रीपासून ओमेर. मला विचाराल तर सगळ्या वर्षात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही, आणि ही करायला काहीच लागत नाही. पेसाहपासून शावुओथ या पुढच्या सणापर्यंत एकोणपन्नास रात्री नुसते दिवस मोजायचे. अंधार पडल्यावर बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणायची आणि 'आज अमुक दिवस, म्हणजे इतके आठवडे आणि इतके दिवस' म्हणायचं. संपलं, तीस सेकंद. पण नियम कडक. एक रात्र आणि तिच्यापुढचा अख्खा दिवस विसरलात तर पुढे मोजायचं, पण बेराखा म्हणायची नाही. संध्याकाळी मोजायच्या आधी कोणी 'आज कितवा?' विचारलं तर आकडा बोलायचा नाही, नाहीतर तेच मोजणं धरलं जातं. म्हणून 'काल किती होते' ते सांगायचं. लोकलमध्ये सहकारी मैत्रिणीनं विचारलं, मी म्हटलं, "काल अकरा होते." ती म्हणाली, "म्हणजे आज बारा." "ते मी नाही म्हणाले." मुलुंड येईपर्यंत हसत होतो.

सोळापर्यंत ठीक गेलं. सतरावा २९ एप्रिलच्या रात्री सुरू होणार होता. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया, शेजारच्या मुलीचं लग्न, रात्री हळद. मी हळदीत होते, मग लग्नात. ३० तारखेला अंधार पडल्यावर चप्पल काढताना फ्रिजशेजारी लक्ष गेलं. सतराची चौकट कोरी.

एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. ऑफिसात असं झालं तर मागच्या तारखेला नोंद टाकता येते, निदान लोक टाकतात. इथे सतरा परत येत नाही. अठरापासून शेवटपर्यंत बेराखा न म्हणता मोजलं. आणि सांगते, त्या बत्तीस रात्री मी जास्त नीट मोजल्या. ३१ मेला 'एकोणपन्नास, म्हणजे सात आठवडे' म्हटलं तेव्हा आवाज थोडा घोगरा होता, पावसाळी हवेमुळे असेल.

शब्बाथचं तुकड्यातुकड्यानं जमतं. शुक्रवारी साडेसहापर्यंत ऑफिस, लोकल, आणि हिवाळ्यात वाती पावणेसहाला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी अर्धे शुक्रवार हुकले. जे मिळाले त्यात फोन पिठाच्या डब्याशेजारच्या खणात, काळ्या मनुकांच्या शरबतावर किद्दूश, आईच्याच पेल्यात. शनिवारी काम सोडता आलेलं नाही. महिन्यात एक शनिवार मागून घेतलाय, साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी 'अरे वा' म्हटलं आणि सोमवारी दुप्पट फायली दिल्या.

शेवटचा मोठा उपास नुकताच झाला, तिशा बेआव, जेरुसलेमची दोन्ही मंदिरं पडली त्याचा. यंदा ती तिथी शनिवारी, आणि शब्बाथला शोक करत नाहीत, म्हणून उपास २ ऑगस्टच्या रात्री सुरू होऊन रविवारी. आमच्यात हा बिरड्याचा सण. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचा. जमिनीवर बसून सोलत होते. तेव्हा ताईचा व्हिडिओ कॉल आला. तीही सोलत होती, तिकडे वाल मिळतात म्हणे एका दुकानात. फार बोललो नाही. सोलत राहिलो.

घ्यावं का? आमच्यापैकी असाल तर घ्या, पण तिकडून मागवू नका, इथल्या सूर्यास्ताचं मिळालं तर ते बघा. आमच्यापैकी नसाल आणि नुसती उत्सुकता असेल, तर एका गोष्टीची तयारी ठेवा: दिवस संध्याकाळी सुरू होतो, आणि आदल्या संध्याकाळी सण लागून गेला हे दुसऱ्या सकाळी कळणं दोनदा तरी होणारच. यंदाही रोश हशाना २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी, घटस्थापनेलाच लागतोय. २०२६ मध्ये मात्र आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा आमचं नवं वर्ष गणपतीच्या तोंडावर येईल आणि नवरात्र महिनाभर मागे राहील. सोसायटीला आधीच सांगून ठेवलंय.

नवीन कॅलेंडर घेऊन भाचा पुढच्या महिन्यात येतोय. ताईनं विचारलं, "मुंबईच्या वेळांचं शोधू का कुठे?" म्हटलं, नको, तेच पाठव, पेन्सिल आहे. पेल्याचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.