व्हीए-400 बोअरस्कोप: कॉम्प्रेशनचा आकडा सांगत नाही ते दाखवणारं हत्यार

होमबिल्ट, म्हणजे मालकाने स्वतः बांधलेल्या, विमानाच्या वार्षिक तपासणीत इंजिनाबाबत सगळा भरवसा डिफरेन्शियल कॉम्प्रेशन टेस्टवर टाकला जातो. धडधाकट सिलिंडर उतरवले जातात तेही बहुतेकदा याच आकड्यावर विसंबून. सिलिंडरमध्ये 80 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा सोडली आणि दुसऱ्या गेजवर 66 दिसले, तर मधले 14 गेले कुठे हे गेज सांगत नाही. कान लावला तर थोडं कळतं. एक्झॉस्ट पाइपमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक, ऑइल फिलरमधून आली तर पिस्टनच्या रिंगा. पण रिंगांवरून थोडी हवा जाणारच, आणि त्या फिरून त्यांच्या फटी एका रेषेत आल्या की तोच सिलिंडर आज 66 आणि पुढच्या आठवड्यात 74 दाखवतो. इंजिन बनवणाऱ्या कॉन्टिनेंटलने 2003 मध्ये एसबी03-3 हे सर्व्हिस बुलेटिन (एसबी) काढून कॉम्प्रेशन टेस्टला बोअरस्कोपची, म्हणजे सिलिंडरच्या आत डोकावणाऱ्या बारीक कॅमेऱ्याची जोड दिली, ती याच कारणाने. दुसऱ्या कंपनीची, लायकमिंगची, इंजिनं वापरणाऱ्यांनीही तीच शिस्त पाळावी, असं आमचं ठाम मत आहे.

व्हिविडियाचा अ‍ॅबलस्कोप व्हीए-400 या कामासाठी होमबिल्टवाल्यांमध्ये बराच वापरला जातो. कडक नळी, व्यास 5.5 मिलिमीटर, आणि टोकाशी कॅमेरा. मुठीजवळची चकती फिरवली की टोक वळत वळत 180 अंशांपर्यंत, म्हणजे पार मागे बघण्याइतकं वळतं. याला स्वतःचा पडदा नाही, यूएसबीने संगणकाला जोडावा लागतो.

याची सगळी किंमत त्या वळणाऱ्या टोकात आहे. लायकमिंगमध्ये स्पार्क प्लगचं भोक आणि व्हॉल्व्ह दोन्ही सिलिंडर हेडमध्येच असतात. प्लगच्या भोकातून आत गेलेला सरळ कॅमेरा समोरची भिंत आणि पिस्टनचा माथा छान दाखवतो, पण व्हॉल्व्ह त्याच्या पाठीमागे राहतात. ते पाहायचे तर आत जाऊन मान उलटी वळवावी लागते. स्वस्त, लवचिक सापासारख्या कॅमेऱ्याला आरसा लावून हे करता येतं असं म्हणतात, पण आम्ही तो सल्ला देणार नाही. चित्र उलटं दिसतं, आरसा अर्धा प्रकाश परत लेन्सवर फेकतो, आणि मुख्य म्हणजे तो क्लिपवर बसलेला असतो. क्लिप प्लगच्या भोकाच्या आट्यांना अडकून निसटली की आरसा पिस्टनवर पडतो. तो चुंबकाने निघत नाही, आणि न काढता इंजिन फिरवता येत नाही.

वापरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनवर, बोअरस्कोप थंड झाल्यावर. कॅमेरा गरम सिलिंडरमध्ये घातला तर लेन्सवर तेलाची वाफ बसते आणि कॅमेऱ्याचं आयुष्यही कमी होतं. कॉम्प्रेशन टेस्टला दोन माणसं लागतातच. लायकमिंग ओ-320 किंवा ओ-360 चा बोअर 5.125 इंच, म्हणजे 80 पीएसआयला पिस्टनवर सुमारे 1650 पौंड, जवळपास 750 किलो जोर येतो. पिस्टन टीडीसीपासून, म्हणजे सर्वात वरच्या जागेपासून, जरा सरकला तर प्रॉप (पंखा) हातातून हिसकावला जातो. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) बंद, इंधन बंद, मिक्श्चर कटऑफ, चाकांना ठोकळे, आणि प्रॉप धरणारा माणूस पात्याच्या मार्गाबाहेर उभा. मॅग्नेटोची पी-लीड, म्हणजे स्विचकडे जाणारी ग्राउंडिंगची वायर, तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत असतो, म्हणून ग्राउंडिंग आधी तपासून घ्यावं.

टेस्ट आटोपली की सगळे प्लग काढावेत. वरचे-खालचे, क्रमांकानुसार खाचा असलेल्या ट्रेमध्ये. खालच्या प्लगवर ओलसर तेल दिसलं तर तो सिलिंडर स्कोपने जास्त वेळ पाहायचा. मग पिस्टन बीडीसीला (सर्वात खालच्या जागी), पॉवर स्ट्रोकच्या शेवटाकडे आणायचा. या जागी भिंतही जास्तीत जास्त उघडी पडते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इथे उघडायला लागलेला असतो. त्याचा चेहरा नीट हवा असेल तर प्रॉप थोडा आधीच थांबवून, व्हॉल्व्ह पूर्ण बसलेला असताना फोटो घ्यावा. मग नळी बाहेर काढून प्रॉप पुढे फिरवायचा, व्हॉल्व्ह उघडला की पुन्हा नळी आत घालायची. आता व्हॉल्व्हची सीलिंगची कड आणि ती जिथे टेकते ती सीट दोन्ही दिसतात. नळी आत असताना प्रॉप हलवायचा नाही, एक अंशसुद्धा नाही. वळवलेलं टोक पिस्टन आणि हेडच्या मध्ये सापडलं तर स्कोप तर जातोच, शिवाय त्याचे तुकडे सिलिंडरमध्ये राहतात. बाहेर काढण्याआधी चकती उलटी फिरवून टोक सरळ करायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. वाकलेलं टोक ओढलं की आतल्या ताराच तुटतात.

आता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. निरोगी व्हॉल्व्हवर ज्वलनाचा थर असा बसतो की मध्यबिंदूभोवती गोल गोल वलयं दिसावीत. मध्यभागी तांबूस-तपकिरी, कडेला फिकट, आणि कोणत्याही बाजूने पाहिलं तरी सारखंच. रंग किती गडद आहे याला फार महत्त्व नाही, तो इंधनातल्या शिशावर आणि मिश्रणावर अवलंबून असतो. पाहायची ती सममिती. एका बाजूचा थर निघून गेलेला, कड उजळ, धातू उघडा, आणि पुढच्या टप्प्यात त्या कडेला हिरवट छटा, असं दिसलं की व्हॉल्व्ह तिथे जळायला लागला आहे. कारण सोपं आहे. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावर सीटमधून हेडमध्ये जाते. गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) झिजून व्हॉल्व्ह वाकडा बसला किंवा सीटवर कार्बनचा कण अडकला, की एका जागी फट राहते. तिथून जळते वायू निसटतात, ती जागा आणखी तापते, कड वाकते आणि फट वाढते. कॉम्प्रेशनचा आकडा तोवर 72 वगैरे दाखवत असतो. तो कोसळतो तेव्हा व्हॉल्व्हचा तुकडा उडण्याची वेळ आलेली असते. स्कोपला ही गोष्ट कितीतरी तास आधी दिसते, आणि हे हत्यार विकत घेण्याचं हेच खरं कारण.

लवकर सापडलं तर उपायही छोटा असतो. सिलिंडर जागेवरच ठेवून रॉकर आणि स्प्रिंग काढायच्या, प्लगच्या भोकातून सीटवर थोडी ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि स्टेम (दांडा) धरून व्हॉल्व्ह फिरवत लॅपिंग, म्हणजे कड आणि सीट एकमेकांवर घासून बसवणं, करायचं. पेस्टचा कणही आत राहता कामा नये. लायकमिंगमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्टेमवर रोटेटर कॅप असते, ती त्याच वेळी नवी घालावी. ती झिजली की व्हॉल्व्ह फिरणं थांबतं आणि एकच बाजू रोज भाजत राहते. कडेवर धातू कमी झालेला किंवा तडा दिसला तर मात्र लॅपिंगचा विचारही करू नये, सिलिंडर उतरवायचा.

म्हणूनच एकट्या फोटोपेक्षा फोटोंची मालिका मोलाची. प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर 100 तासांनी त्याच अंतरावरून, त्याच कोनातून टिपावा, फाइलच्या नावात तारीख, टॅकोमीटरवरचे इंजिनाचे तास आणि सिलिंडर क्रमांक घालावा. व्हॉल्व्हवरची एखादी ओळखीची खूण दोन फोटोंत वेगळ्या जागी दिसली तर तो फिरतो आहे, हे शुभ लक्षण. अमेरिकेत कंडिशन इन्स्पेक्शनवर सही करणारा रिपेअरमन किंवा ए अँड पी (एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट) मेकॅनिक असे फोटो पाहून जास्त निश्चिंतपणे निर्णय घेतो.

भिंतींबाबत थोडक्यात. होनिंगच्या, म्हणजे भिंत घासून तयार करताना पाडलेल्या, तिरक्या जाळीदार रेघा दिसत असाव्यात. उभे ओरखडे दिसले तर पिस्टन पिनचे ॲल्युमिनियमचे प्लग घासताहेत का ते पाहावं आणि ऑइल फिल्टर कापून चकचकीत कण शोधावेत. गंजाचे खड्डे बहुधा विमान उडवण्यापेक्षा उभं जास्त राहतं याचा पुरावा असतात. पिस्टनच्या माथ्याची कड खाल्लेली, वाळूने घासल्यासारखी दिसली तर डिटोनेशन (मिश्रणाचा एकदम स्फोट होणं), आणि मग मॅग्नेटोचं टायमिंग त्याच दिवशी तपासायचं.

व्हीए-400 च्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. टोक एकाच प्रतलात वळतं, त्यामुळे बाजूला पाहायचं तर पूर्ण मूठ फिरवावी लागते, आणि काउलिंग किंवा इंजिन माउंट आड आलं की मनगट अडकतं. नळी कडक असल्याने मागच्या सिलिंडरांच्या खालच्या प्लगपाशी, एक्झॉस्टच्या गर्दीत, ती शिरवणं कष्टाचं होतं. तिथे वरच्याच भोकातून काम भागवावं. चमकत्या धातूवर एलईडीचा पांढरा डाग पडतो आणि तोच दोष वाटू शकतो. कोन थोडा बदलला की डाग हलतो, खरा दोष जागेवर राहतो. संगणक प्रॉपच्या कक्षेबाहेर ठेवावा, वायर जमिनीवर लोंबू देऊ नये.

काही गोष्टी या भोकातून दिसतच नाहीत. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो, उभ्या विमानात त्यावरचं तेल निथळून जातं आणि गंज तिथेच सुरू होतो. त्याची बातमी फिल्टरमधल्या लोखंडी कणांतून मिळते, स्कोपमधून नाही. गाइडची झीज मोजायला लायकमिंगचा एसबी 388 मधला वॉबल टेस्टच (व्हॉल्व्ह गाइडमध्ये किती हलतो ते मोजणं) लागतो.

रोटॅक्स 912 वाल्यांसाठी दोन सूचना. प्लगचं भोक 12 मिलिमीटरचं आहे, त्यात 5.5 ची नळी आरामात जाते, पण टोक वळवायला आत जागा कमी, म्हणून चकती हळू फिरवावी. आणि पिस्टन जागेवर आणताना प्रॉप उलटा फिरवू नये. उलट्या फिरण्याने तेलाच्या मार्गात हवा शिरते आणि हायड्रॉलिक टॅपेट रिकामे होतात. जागा चुकली तर पुन्हा पूर्ण फेरा पुढे घ्यावा.

एअरफ्रेममध्येही हा स्कोप कामी येतो. पंखातल्या तपासणीच्या झाकणातून रिव्हेटच्या मागच्या बाजू, कंट्रोल पुशरॉडचे जॅमनट, केबल पुलीचे पिन, फ्लोअरखालची इंधननळी, सगळं पॅनेल न उचलता पाहता येतं. व्हॅन्सच्या आरव्ही मालिकेतल्या काही विमानांसाठी 2016 मध्ये निघालेला एसबी 16-03-28 पंखाच्या मागच्या स्पारवर (आडव्या तुळईवर), एलेरॉनच्या आतल्या बिजागराच्या ब्रॅकेटपाशी पडणाऱ्या फटींबद्दल आहे. अशा जागी स्कोप पहिली नजर टाकायला चांगला, पण केसासारखी फट तेलाच्या रेघेत किंवा प्रायमरच्या ओरखड्यात सहज लपते. शंका आली तर जागा उघडून, साफ करून डाय पेनिट्रंट (फटीत शिरून ती दाखवणारा रंग) लावावा, आणि फटीच्या टोकाशी भोक पाडायचं की पट्टी मारायची हे बुलेटिनमध्ये लिहिलं असेल तसंच करावं.

स्कोप बाहेर काढल्यावर लेन्स दर वेळी मऊ कापडाने आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. प्लग परत बसवताना नवे तांब्याचे गॅस्केट घालावेत, अँटिसीझ (आट्या धरू नयेत म्हणून लावायचं वंगण) इलेक्ट्रोडकडच्या पहिल्या दोन आट्या सोडून लावावं, आणि लायकमिंगला टॉर्क 420 इंच-पौंड द्यावा. हातातून जमिनीवर पडलेला प्लग परत बसवू नये, तो कचऱ्यातच टाकावा.