बेटावर जायला परवाना लागतो, काकू

आधीच सांगते, आमचं क्रूझचं बुकिंग खोटं नव्हतं. जहाज होतं, खोल्या होत्या, आणि जेवण तर एवढं की धाकट्या बहिणीच्या यजमानांना दुसऱ्या दिवशी नुसत्या ताकावर राहावं लागलं. आम्ही बुडालो ते जहाजात चढायच्या आधी, कोचीच्या कोरड्या जमिनीवर, भर दिवसा, हातात पावत्या घेऊन. चौघांचे मिळून ३३,८०० रुपये गेले. मी नागपुरात चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. बुधवारी बाजारात मेथीच्या जुडीमागे दोन रुपये सोडत नाही. त्यामुळे हे लिहायची लाजच वाटते. पण आमच्याच कॉलनीतली दोन घरं दिवाळीनंतर याच सहलीला निघालीत, म्हणून लिहिते.

कोचीहून जहाजात बसायचं, गोवा करून मुंबईला उतरायचं आणि विदर्भ एक्सप्रेसनं घरी, असा बेत होता. एजंट नागपुरातलाच. पैसे भरले आणि तासाभरात जहाज कंपनीची तिकिटं मेलवर आली. यांनी कंपनीच्या नंबरवर फोन लावून खात्रीही करून घेतली. नावं बरोबर, खोल्या बरोबर. आमची सावधगिरी तिथंच खर्ची पडली. एक गोष्ट खरी निघाली म्हणून त्या माणसाचं पुढचं सगळं आम्ही न तपासता खरं धरलं.

कारण त्यानंतर तो म्हणाला, "मॅडम, जहाज संध्याकाळी सुटते. दिवसभर सामान घेऊन बसून राहाल का?" आणि 'कोची दर्शन' पुढं केलं. माणशी ४,८००. एसी गाडी, सगळी प्रवेश तिकिटं, केळीच्या पानावरचं जेवण, बंदरापर्यंत सोडणं आणि मराठी गाईड. बहिणीनं विचारलं, "मराठी? कोचीत?" तो म्हणाला, "आपलाच पोरगा आहे." १९,२०० रुपये यूपीआयनं गेले ते एजन्सीच्या खात्यात नाही, त्याच्या स्वतःच्या नंबरवर. पावती 'नंतर पाठवतो' म्हणाला. कागदावर राजवाड्याची वेळ दुपारी अडीच आणि सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची, साडेतीन छापली होती. वार शुक्रवार. त्यात काही खटकावं असं मला तेव्हा दिसलं नाही.

केरळ एक्सप्रेसनं गुरुवारी संध्याकाळी एर्नाकुलमला उतरलो. मल्याळम पाट्या, मल्याळम कलकल, आणि भात बघून यांचा आधीच पडलेला चेहरा. शुक्रवारी सकाळी लॉजच्या दारात तिशीचा एक पोरगा उभा. "काका, काकू, नमस्कार! नागपूरचे ना तुम्ही? मी वर्ध्याचा ना बाप्पा! पोटासाठी इतक्या लांब येऊन राहिलो." काय सांगू, माहेरचं कोणी भेटावं तसं झालं. बहिणीनं प्रवासासाठी केलेल्या करंज्यांतल्या दोन त्याच्या हातावर ठेवल्या. गाडी गॅरेजला गेली, आज रिक्षानंच फिरू, असं त्यानं सांगितलं तेव्हा आम्हीच म्हटलं, असू दे रे, त्यात काय.

फोर्ट कोची सुंदर आहे, हे मात्र कबूल करते. पाण्याच्या कडेला ती चिनी जाळी उभी असतात. लांब लाकडी दांडे, एका टोकाला पसरलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना लटकवलेले मोठमोठे दगड. चार-पाच माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात आणि जाळं पाण्यातून ठिबकत वर येतं. तिथंच मी बहिणीला सांगत होते की १३४१ च्या सुमाराला पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिस हे जुनं बंदर गाळानं बुजलं आणि कोचीला समुद्राचं तोंड मिळालं, असं मानतात. पोरगा बाजूला उभा राहून ऐकत होता. "काकू, तुम्हीच गाईड व्हा," म्हणाला. मला आत कुठंतरी बरं वाटलं. वर्गातल्या हुशार पोरावर मास्तरीण भुलते, तसंच ते.

सेंट फ्रान्सिस चर्च तिथून पायी पाच-सात मिनिटांवर. आत वास्को द गामाच्या थडग्याची शिळा आहे, भोवती कठडा. पोरगा ठोकून म्हणाला, "वास्को अजून इथंच खाली झोपून आहे." मी म्हटलं, नाही रे. तो १५२४ साली कोचीत वारला, इथं पुरला हे खरं, पण १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. पुढं मट्टनचेरीचा राजवाडा डचांनी बांधला म्हणाला, तेव्हाही मी टोकलं. बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमाराला, कोचीच्या राजासाठी. डचांनी १६६३ मध्ये दुरुस्त केला, म्हणून नाव डच पॅलेस. इतिहासात हा पोरगा धादांत चुकतोय हे मला पावलोपावली कळत होतं, आणि तरी हिशेबात तो बरोबरच असणार असं मी धरून चालले होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मधले दोन तास दुकानांत गेले. 'सरकारी मसाल्याचं गोदाम' म्हणून नेलं तिथं सरकारी काही नव्हतं, एसी होता. गिऱ्हाईक आणून सोडलं की रिक्षावाल्याला नि गाईडला कमिशन मिळतं, हे तिथं पाऊल टाकताच कळायला हवं होतं. आम्ही ५,४०० रुपयांची वेलची आणि मिरी घेतली. वरून बघितली तर हिरवीगार, टपोरी.

दुकानांमुळे मट्टनचेरीला पोचायला उशीर. राजवाडा बंद. "अरे, आज अचानक बंद दिसून राहिला," पोरगा म्हणाला. अचानक कसला? राजवाडा दर शुक्रवारी बंद असतो, फाटकावर तसं लिहिलंय. सिनेगॉग, १५६८ सालचं, आत हातानं रंगवलेल्या चिनी फरश्या आहेत म्हणून मी किती वर्षं बघायचं म्हणत होते. तेही शुक्रवारी दुपारनंतर बंद, शनिवारी तर बंदच. म्हणजे नागपुरात छापलेल्या त्या कागदावरच्या दोन मुख्य जागा त्या दिवशी त्या वेळी उघड्या असणंच शक्य नव्हतं. एजंटला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. केळीच्या पानावरचं जेवण मिळालं, बिल आमच्याच खिशातून. ते मी वरच्या आकड्यात धरलेलं नाही, कारण पोटात तरी गेलं.

आता मुख्य गोष्ट. चार वाजता सामान घेऊन बंदराकडे निघालो. तोप्पुंपडीच्या पुलाआधी पोरग्यानं दोन्ही रिक्षा एका झाडाखाली थांबवल्या. क्रूझ टर्मिनल विलिंग्डन बेटावर आहे, आणि "बेटावर जायला परवाना लागतो, काकू. एजंटभाऊ बोलले नाही का?" परवाना माणशी १,५००. शिवाय सामानाचा पोर्ट चार्ज माणशी ८००. "सरकारी काम आहे, कॅशच लागते. आणि घाई करा, जहाज काय तुमच्यासाठी थांबून राहीन का?"

आम्ही कसे फसलो ते नीट सांगते, कारण खोटं बेमालूम होतं ते यामुळेच. केरळच्या समोरच्या समुद्रात लक्षद्वीप आहे, आणि तिथं जायला बाहेरच्या माणसाला परवाना लागतो, हे खरं आहे. बहिणीनं कुठंतरी वाचलेलं होतं. तीच म्हणाली, "हो ताई, लागतो, मी वाचलंय." आमचं जहाज लक्षद्वीपला जातच नव्हतं, हे त्या क्षणी चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. बेट म्हटलं, परवाना म्हटलं, की जुळलं. आणि विलिंग्डन बेट काय आहे? बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर टाकून इंग्रजांच्या काळात रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनियरनं तयार करवलेली जमीन. पुलांनी शहराला जोडलेली, सिटी बस जाते. आमच्या नागपुरात सक्करदऱ्याहून सीताबर्डीला जायला जेवढा परवाना लागतो तेवढाच तिथं लागतो. हे मी जहाजात बसून फोनवर वाचलं.

यांनी ९,२०० रुपये मोजून दिले. पोरग्यानं पाठ वळवून पावत्या लिहिल्या. मी मुद्दाम सांगते त्या कशा होत्या. कार्बन ठेवून फाडायचं साधं पावतीपुस्तक, कुठल्याही स्टेशनरीत मिळतं तसलं. वर सिंहासारखं काहीतरी छापलेलं. पावती नंबर ११, १२, १३, १४. म्हणजे एवढ्या मोठ्या बंदरात आमच्याआधी दहाच माणसं गेली असावीत. खात्याचं नाव नाही, पत्ता नाही. गोल शिक्का इतका ताजा की बहिणीच्या अंगठ्याला जांभळी शाई लागली आणि तिनं ती रुमालाला पुसली.

टर्मिनलच्या बऱ्याच अलीकडे "पुढं रिक्षा नेऊ देत नाही" म्हणून त्यानं उतरवलं, यांच्या पाया पडला (हो, पाया पडला) आणि गेला. फाटकावरच्या जवानानं तिकीट आणि आधार बघितलं. मी चार पावत्या पुढं केल्या तर त्यानं त्या उलटसुलट केल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत दिल्या. रांगेत आमच्यामागे पुण्याचं एक जोडपं होतं. परवान्याचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "कसला परवाना? आम्ही टॅक्सीनं आलो सरळ." मेहुण्यांनी चष्मा लावून मोबाइलवर तिकीट उघडलं. भाड्याच्या खालच्या ओळीत पोर्ट चार्जेस वेगळे दाखवलेले होते, आणि ते आम्ही नागपुरातच भरले होते. दोन महिने ते तिकीट आमच्या चारही फोनमध्ये होतं. खालची ओळ कोणी वाचली नव्हती. पोरग्याचा फोन बंद.

संध्याकाळी जहाज फोर्ट कोचीच्या अगदी समोरून बाहेर पडलं. डेकवर सगळे चिनी जाळ्यांचे फोटो काढत होते. आमच्यातलं कोणी फोन काढला नाही.

घरी आल्यावर मिरीचे चार दाणे वाटीभर पाण्यात टाकले. दोन बुडाले, दोन तरंगत राहिले. पपईच्या बिया. वेलची इतवारीतल्या किराणा ओळीत दाखवली. दुकानदारानं एक बोंड चिरडून नाकाशी नेलं आणि माझ्यापुढं धरलं. वास नाही. "तेल काढलेली आहे, मावशी. वरचा थर तेवढा चांगला."

एजंट आधी म्हणाला, तो माणूस आमचा नाहीच. पण पोरग्याचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानंच पाठवला होता, 'हा आपला माणूस' असं लिहून. तो मेसेज मी दाखवल्यावर त्यानं पुढच्या टूरवर ५,००० सूट देऊ केली! बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. ऑनलाइन फसवणुकीचा १९३० नंबर आहे, पण तो लगेच लावायचा असतो. आम्ही आठ दिवसांनी लावला आणि जास्तीचे पैसे तर रोखच दिले होते. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि एजंटला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. त्यावर त्यानं १०,००० परत केले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कोचीला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं. मेहुणे म्हणतात, एवढ्यासाठी कशाला, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत.

काल कॉलनीतल्या त्या दोन घरांचा सहलीचा कागद मागून आणला. एजंट दुसराच आहे, भाव माणशी ५,२००, गाईड मराठी. मट्टनचेरी राजवाडा, दुपारी अडीच. भिंतीवरचं कालनिर्णय काढून तारीख बघितली. शुक्रवार.