पर्लमध्ये $_ की नाव दिलेलं व्हेरिएबल?

"कांदा चिर, परतून घे, बाजूला ठेव." काय परतायचं, काय ठेवायचं, असं स्वयंपाकघरात कोणी विचारत नाही. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतलं $_ हे तसंच न बोललेलं कर्म: व्हेरिएबलचं नाव दिलं नाही की बऱ्याच ठिकाणी पर्ल आपोआप हेच धरतं. १९८७ साली पर्ल आणणारा लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला, त्यामुळे नवल नाही.

लॉग फाइल वाचायची, चॉम्पने ओळीच्या शेवटची न्यूलाइन उडवायची, रेजेक्सला (शोधायच्या नमुन्याला) जुळली तर ओळ प्रिंट करायची. $_ घेतलंत तर ओळी वाचणारा व्हाइल लूप, चॉम्प, रेजेक्स, प्रिंट, कोणालाच काही सांगावं लागत नाही. नाव दिलंत तर तेच नाव चार वेळा. अशा ठिकाणी मी बिनधास्त $_ घेतो. यादीतल्या प्रत्येक घटकावर काम करणारं मॅप आणि त्यातले हवे ते निवडणारं ग्रेप, यांत तर ते असतंच.

पण कांद्याबरोबर टोमॅटो आला की "तो घाल" म्हणून भागत नाही. मॅपच्या आत मॅप लिहिलात की आतलं $_ बाहेरचं झाकतं. तिथे बाहेरच्याला नाव द्याच.

खरा फटका वेगळीकडे बसतो. एकदा फाइलींच्या नावांच्या ॲरेवर (यादीवर) फॉर लूप लावला. आत माझंच फंक्शन, आणि त्यात व्हाइलने $_ मध्ये फाइल वाचणं. ओळींचे आकडे बरोबर आले. लूपनंतर तीच यादी छापायला गेलो तर नावं गायब! फॉरमध्ये $_ म्हणजे ॲरेतला प्रत्यक्ष घटकच, प्रत नव्हे. व्हाइल जुनं $_ जपून ठेवत नाही, त्यावरच लिहितं आणि फाइल संपल्यावर तिथे अनडिफाइन्ड सोडून जातं. चुका पकडणारं स्ट्रिक्ट चालू होतं, पण त्याने चकार शब्द काढला नाही. यावर तोडगा म्हणून २००७ मध्ये ५.१० आवृत्तीत $_ ला 'माय' लावायची, म्हणजे ते त्या ब्लॉकपुरतंच ठेवायची सोय आली, पण तिनेच नवे घोळ घातले आणि ५.२४ मध्ये ती काढून टाकली.

कोटलिन भाषेतलं असंच न सांगता मिळणारं नाव 'इट' या बाबतीत सोयीचं: ते त्या लॅम्डापुरतंच (बिननावाच्या फंक्शनपुरतंच), बाहेर काही सांडत नाही. एकात एक लॅम्डा आले की मात्र तिथेही नाव दिलेलं बरं.

नाव दिलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. फॉरमध्ये नाव दिलेलं व्हेरिएबलसुद्धा मूळ घटकच असतं, बदललंत तर ॲरे बदलतो. लूप चार-पाच ओळींचा आणि आत स्वतःचं फंक्शन नाही, तर $_ घ्या. फंक्शनच्या आत व्हाइल असेल तर लूप दोन ओळींचा असला तरी वाचलेल्या ओळीला नाव द्या.